मायचं हाड भरलं, की नुसतं मशीन बदललं?

चोपडेकर: माझी माय ६८ वर्षांची, उभा जन्म केळीच्या बागेत गेला. मागच्या पोळ्याला ओट्यावरून पडली, मनगट मोडलं. नंतर गावच्या शिबिरात टाच तपासली तर टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना; जितका उणे तितकं हाड विरळ) उणे २.९. तेव्हापासून हाडांची, आठवड्याला एक अशी गोळी चालू. आता जळगावला डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) केला, कमरेच्या मणक्यांचा आकडा उणे १.६. घरचे म्हणतात, हाड भरलं, गोळी बंद. माझा धीर होत नाही. वर्षात एवढा फरक पडतो का?

डेक्सावाला, भुसावळ: दादा, गोळी बंद करू नका. १२ वर्षं हेच काम करतोय. टाचेचं यंत्र ध्वनिलहरींवर चालतं, डेक्सा दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांवर. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ठरवायची उणे २.५ ची रेघ डेक्सासाठी आहे, टाचेच्या आकड्याला ती लावायची नसते. या दोन आकड्यांची वजाबाकीच होत नाही. रिपोर्टमध्ये खुब्याचा आकडा बघा, आणि चारही मणके सुटे सुटे सांगा.

चोपडेकर: खुब्याची मान उणे २.७. मणके वरून खाली: उणे २.४, उणे २.२, उणे ०.१, उणे १.७.

डेक्सावाला, भुसावळ: तिसराच घोळ करतोय. शेजारच्यापेक्षा एकाहून जास्त फरक असला तर तो मणका सरासरीतून काढतात. हाड वाढलेलं असेल किंवा मणका दबला असेल; दबलेला मणका मशीनला घट्ट दिसतो. आजाराचं निदान खुब्यावरूनच करायचं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस आहेच. मायची उंची कमी झालीय का?

चोपडेकर: लुगडं आता पायात येतं, निऱ्या वर खोचते. आम्हाला वाटलं, वयामुळे वाकली.

डेक्सावाला, भुसावळ: मग मणका दबलाय का ते बघायला पाठीचा बाजूने एक्स-रे काढाच. डॉक्टरांना हे लुगड्याचंही सांगा.

धुळ्याची सून: पुढचा डेक्सा त्याच मशीनवर करा, भाऊ. आमच्या सासूबाईंचा पहिला धुळ्यात, दुसरा नाशकात झाला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, यावरून काही सांगता येत नाही. त्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी देऊ नका, कमरेचं धातूचं सगळं काढून ठेवा. खुब्याच्या वेळी पाऊल आत वळवून ठोकळ्याला बांधतात. सासूबाई ओरडल्या, "मना पाय वाकडा काबर बांधा रे भाऊ?" पण तसा वळवला नाही तर खुब्याची मान पूर्ण दिसत नाही, आकडा चुकतो.

चोपडेकर: बुधवारी एक्स-रेला नेतोय. आजची गोळी मायला दिली, अर्धा तास ओट्यावर सोबत बसलो.