जर्मनीला जाणारा भाचा, सिकलसेल एसएस: विमा सार्वजनिक घ्यावा की खासगी?

दारव्हा, जि. यवतमाळ
भाचा २३ वर्षांचा आहे. ऑक्टोबरपासून जर्मनीत एमएस्सी. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), त्यात एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आईवडील दोघांकडून आलेला. त्यावरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज सुरू. एजंट म्हणतो खासगी विमा घ्या, निम्म्याहून कमी पैशात होतो. गोळ्या इकडून कुरिअर करत राहू असं घरी ठरलंय. चालेल का?

वर्धाकाठ
भाऊ, एजंटचं ऐकू नका. खासगी कंपनी आधीचे आजार विचारते आणि सिकलसेल कळला की नाकारते, नाहीतर त्याचा खर्च वगळते. लपवलं तर पुढे करारच रद्द होऊ शकतो. सार्वजनिक विम्याला आजारामुळे नाकारता येत नाही. ३० वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला तो सवलतीच्या दरात मिळतो, महिन्याला साधारण १५० युरो.

मोठी चूक होते ती इथं: सार्वजनिक विम्यातून सूट मागणारा अर्ज एकदा मंजूर झाला की शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. एजंटनं पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी हे नक्की पाहा.

दुसरं, विद्यापीठात नाव नोंदवण्याआधी नुसता भाषेचा कोर्स असेल तर विद्यार्थी दर लागू होत नाही. तेवढ्या काळासाठी लोक जो स्वस्त प्रवासी विमा घेतात, त्यात जुना आजार धरत नाहीत. म्हणून भाषा इकडेच पक्की करून घ्या.

गोंदिया_फार्मसी
कुरिअर अजिबात नको. युरोपीय संघाबाहेरून खासगी माणसाला पोस्टानं औषध मागवायला तिथं मनाई आहे, कस्टम अडवते. सोबत नेताना स्वतःपुरता जास्तीत जास्त ३ महिन्यांचा साठा चालतो. मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम इंग्रजीत लिहून घ्या.

तिथं सार्वजनिक विम्यावर गोळ्यांच्या किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, पण किमान ५ आणि कमाल १० युरो. दवाखान्यात भरती झाल्यास दिवसाला १० युरो, वर्षात २८ दिवसांपर्यंतच.

मेळघाटपाऊल
रिपोर्टचं बोलतो. सोल्युबिलिटी टेस्ट म्हणजे सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीचा कागद नेऊन उपयोग नाही, त्यात एएस (नुसता वाहक) की एसएस (आजार) ते कळतच नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट, रक्तगट, आजवर किती वेळा रक्त चढवलं, आणि तब्येत बरी असतानाचं नेहमीचं हिमोग्लोबिन, हे एका पानावर डॉक्टरकडून लिहून घ्या. हा शेवटचा आकडा फार मोलाचा. ज्याचं नेहमीच ८ असतं, त्याला ८ पाहून नवखा डॉक्टर उगाच रक्त चढवेल.

वर्धाकाठ
पोचल्यावर पहिल्याच महिन्यात घराजवळचा 'हाउसआर्त्स्ट' म्हणजे फॅमिली डॉक्टर धरावा. पाटीवर 'आले कासेन' असेल तिथं सार्वजनिक कार्ड चालतं. 'प्रिवाटप्राक्सिस' लिहिलं असेल तर पैसे खिशातून. रक्तविकार तज्ज्ञासाठी फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी घ्यायची आणि तज्ज्ञाची वेळ मिळेना तर ११६११७ या मदत क्रमांकाला फोन करायचा.

मेळघाटपाऊल
ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला किंवा छातीत दुखून दम लागला, तर वेळ न घालवता ११२ या आणीबाणीच्या नंबरला फोन. विमानात पाणी पीत राहावं, आणि थंडीचे कपडे उतरण्याआधीच अंगावर हवेत. थंडी आणि पाण्याची कमतरता दोन्हींनी दुखणं उठतं.

दारव्हा, जि. यवतमाळ
एचपीएलसीचा रिपोर्ट आहे, नेहमीचं हिमोग्लोबिन कुठंच लिहिलेलं नाही. सोमवारी डॉक्टरकडून लिहून घेतो. सार्वजनिक विम्यातून सूट मागणारा अर्ज एजंटनं पाठवलाच होता, सही केलेली नाही.