सीएफए सोडण्याआधी रिझल्ट नीट बघा

सीएफएच्या (गुंतवणूक विश्लेषकांची तीन लेव्हलची परीक्षा) लेव्हल २ ला दोनदा अडकलो, आता सोडू का, असं तुम्ही विचारलंय. इथे उत्तर देणारे बाकी सगळे जिद्दीवरच बोलतायत. ती हवीच हो, पण आधी रिझल्टमधला विषयवार आलेख बघा. फायनान्शियल स्टेटमेंट अ‍ॅनालिसिस (कंपन्यांचे हिशेब तपासणं) आणि इक्विटी (शेअर्स) मिळून २० ते ३० टक्के वजन आहे. तिथे कच्चे असाल तर सुरुवात तिथूनच. शिवाय या लेव्हलला प्रश्न सुटे नसतात, उताऱ्यावर चार-चार येतात. उतारा निसटला की चारही गेले. माझी भाची इंदुरात रामबागेत राहून, नोकरी सांभाळून करतेय. तिला उताऱ्यांच्या सरावानेच तारलं. (घरच्यांचं ‘लग्न कधी?’ ही वेगळीच लेव्हल ४.) आणि एका लेव्हलला एकूण सहाच प्रयत्न मिळतात, तेव्हा तयारी नसताना उगाच फॉर्म भरू नका.