मदत हवी आहे: आईला सिग्नलवर रस्ता ओलांडायला वेळ पुरत नाही

पुण्यात आमच्या चौकातला पादचारी सिग्नल जेमतेम 15 सेकंद हिरवा असतो आणि रस्ता साधारण 18 मीटर रुंद. सेकंदाला 1.2 मीटर चाल धरली तर हिशोब बरोबर बसतो, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई काठी टेकत दुभाजकापर्यंतच पोचते. हिरवा माणूस लुकलुकायला लागला की नव्याने उतरायचं नाही, हे ती कटाक्षाने पाळते. जास्त भीती वाटते ती डावीकडे वळणाऱ्या दुचाक्यांची. झेब्रा क्रॉसिंगवर म्हातारं माणूस दिसत असूनही थांबत नाहीत, फार संताप होतो.

वेळ वाढवून घ्यायचा तर अर्ज महापालिकेच्या पथ विभागाकडे करायचा की वाहतूक पोलिसांकडे? कुणी करून घेतलंय का? दुभाजकावर थांबायला सुरक्षित जागा मागता येईल का? अर्जाचा नमुना असेल तर कृपया पाठवा.