उत्तर: मोकळीक नेमकी कधी द्यायची?

'चांगला लीडर टीमला मोकळं सोडतो, मध्ये पडत नाही' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. आमच्याकडं करवीर तालुक्यात मामाचं गुऱ्हाळ होतं, तिथं उलटं पाहिलंय. एका आधणाला, म्हणजे काहिलीत (मोठ्या कढईत) एका वेळी उकळायच्या रसाला, अडीच-तीन तास लागायचे. त्यात पहिले दोन तास गुळव्या, म्हणजे गूळ करणारा मुख्य कारागीर, जवळजवळ गप्प. भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी (वर येणारा मळकट फेस) किती काढायची, हे पोरांना माहीत असायचं. पण पाक ११८ अंशांच्या आसपास आला की सगळा कारभार त्याच्या एकट्याच्या हातात. (थर्मामीटर कुठला, थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळायची.) जाळात चिपाडं (रस काढलेला वाळका ऊस) घालणारा माणूस मागं चुलवाणाशी, म्हणजे भट्टीशी, त्याला काहील दिसतच नाही. वरून हाक आली की त्यानं जाळ थांबवायचा. का, कशाला, हे विचारायचं नंतर.

एकदा हाक उशिरा गेली आणि आधण करपलं. गूळ काळा पडला, मामा तापलेला. जाळावरचा गडी नवीन होता, त्याच्यावर ढकलणं सोपं होतं. गुळव्या सगळ्यांसमोर म्हणाला, "पोराचं काय न्हाई, मीच बोलत बसलो व्हतो." त्या हंगामात तो गडी दुसऱ्या गुऱ्हाळावर जास्त पैसे मिळत असूनही गेला नाही. आणि हो, पुढं जाळ जास्त झालाय असं वाटलं की तोच खालून ओरडून विचारायचा, आधी तोंड उघडत नव्हता.