बिडी सोडायला झाडपाल्याचं काही चालतं का?

निपाणीकर: नमस्कार मंडळी, २० वर्षं बिडी ओढतोय, रोज एक कट्टा जातो. आमच्याकडं तंबाखू म्हणजे पोटापाण्याचा धंदा, आई घरात बिड्या वळायची, त्यामुळं त्यात वाईट असं कधी वाटलंच नाही. खरं आता जिना चढताना दम लागायलाय. एकानं तुळस-ज्येष्ठमधाची हर्बल सिगरेट दिली, म्हणाला ह्यात तंबाखू नाही, बिनधास्त ओढ. कुणी ओढून बघितलीय का? सोबत ज्येष्ठमधाचा काढा पण सुरू केलाय.

खानापूरची वहिनी: भाऊ, त्या सिगरेटच्या नादाला लागू नका. तंबाखू नसला तरी पाला जळतोच की, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जातंच. आमच्या ह्यांनी महिनाभर ओढल्या, बोटांची सवय तशीच राहिली आणि परत बिडीवर आले. मग मी खिशातली काडेपेटी काढून घेतली आणि चपट्या डबीत भाजलेला ओवा, बडीशेप, दालचिनीचा तुकडा भरून दिला, तलफ आली की ते चघळत अंगणात फेऱ्या मारायच्या, पाच-दहा मिनिटांत ओसरते ती. पहिले तीन दिवस लई वाईट, एकदा तर भरल्या ताटावरनं उठून गेले चिडून. आज दीड वर्ष झालं, हात लावला नाही.

बेळगाव मेडिकल: मी औषध दुकानात कामाला आहे. वहिनींचं बरोबर आहे, खरं ओव्यानं तोंड गुंततं, शरीर मागतंय ते निकोटिन त्यातनं मिळत नाही. तुमचा रोजचा कट्टा म्हणजे डॉक्टरांना विचारून निकोटिन गम घ्या, २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतो. सुपारीसारखा चावत बसू नका, झिणझिणलं की गालात धरायचा, नाहीतर उचक्या आणि मळमळ. आणि ज्येष्ठमध रोज भरपूर घेतला तर बीपी वाढतं. १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे, बोलून बघा.

निपाणीकर: अरे देवा, मला बीपीची गोळी चालू आहे आणि काढा आठवडाभर दोन वेळ घेतोय! आजपासून बंद. ते पाकीट पण टाकलं, बायकोनं ओवा भाजायला घेतलाय. गम चघळताना चहा चालतो काय?

बेळगाव मेडिकल: नाही, चघळताना नको आणि आधीची १५ मिनिटं पण नको, गम नीट लागू होत नाही. उद्या दवाखान्यात जाऊन बीपी तपासून घ्या, काढ्याचं सांगा तिथं.