बाबांच्या शेवटच्या रात्रीच्या नोंदी कशा वाचायच्या?

काजवा:
बाबा जाऊन एकोणीस दिवस झाले. वय ७१. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं चाललेही. तिसऱ्या रात्री गेले. दाखल्यावर कारण लिहिलंय 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे'. अहो, ती तर प्रत्येकाचीच बंद पडते!

रात्री दहाला मी निघाले तेव्हा बोलता बोलता डोळे मिटत होते. चष्मा मीच काढून ठेवला. इतकी गुंगी का, असं सिस्टरना विचारलं. दुखण्याचं इंजेक्शन दिलंय, झोपू द्या, म्हणाल्या. पहाटे पाच चाळीसला फोन आला. मी पोहोचले तोवर हात गार पडले होते.

आता नोंदींचा कागद मिळालाय. रात्री १२, २ आणि ४, तिन्ही वेळा नाडी ८४, श्वास १८, ऑक्सिजन ९७. एका आकड्याचा फरक नाही. डॉक्टर म्हणतात, वय होतं. भाऊ म्हणतो, सोड आता. मला भांडायचं नाहीये. चार वाजता बाबांजवळ कुणी गेलं होतं का, एवढंच कळायला हवं. पोस्टमॉर्टेम झालं नाही. कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही, आणि तेच आत खात राहतं.

निवृत्त सिस्टर:
ताई, तीस वर्षं वॉर्डात काढली म्हणून स्पष्ट लिहिते. रात्रभर श्वास १८ दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते. नाडी आणि ऑक्सिजन मशीन दाखवतं. श्वास मोजायला मात्र छातीकडे बघत मिनिटभर उभं राहावं लागतं. रात्री माणसं कमी असली की तोच आकडा अंदाजाने पडतो. मीही कधीतरी पाडलाय. आज हे लिहिताना बरं वाटत नाही.

हा कागद बाजूला ठेवा, औषधांचा तक्ता मागा. कुठलं इंजेक्शन, किती, किती वाजता, आणि त्याच रात्री झोपेची गोळी दिली का. बाबा घोरायचे का हो? नाकाला ऑक्सिजन होता?

काजवा:
घोरायचे म्हणजे? भिंतीपलीकडे ऐकू जायचं. मध्येच सगळं थांबायचं, मग एकदम दचकून श्वास घ्यायचे. आम्ही हसायचो. ऑक्सिजनची नळी होती.

भूलवाला:
भूलतज्ज्ञ आहे. तुम्ही वर्णन केलंत ते झोपेत श्वास अडण्याच्या आजाराशी, स्लीप ॲप्नियाशी जुळतं. अशा माणसाला मॉर्फिनच्या जातीचं औषध आणि वर झोपेची गोळी मिळाली, तर श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी आणखी वाढते. ऑक्सिजन चालू असेल तर बोटावरचं यंत्र तरीही बराच वेळ चांगला आकडा दाखवत राहतं. म्हणजे ९७ खरा असेल आणि धोकाही तितकाच खरा असेल. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा रिपोर्टही बघा. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात.

पण खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर पायातली गुठळी फुप्फुसात जाऊनही माणूस काही मिनिटांत जातो, आणि त्यात कुणाची चूक असेलच असं नाही. शवविच्छेदनाशिवाय छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून जपा. त्या दिवसाचं रक्त लॅबमध्ये सहसा काही दिवसच ठेवतात. आता आशा कमी आहे, तरी विचारून बघा.

दिवाकाठी:
माझी आई सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून गेली. मी पहिल्याच बैठकीत "काय चुकलं?" विचारलं आणि समोरची सगळी माणसं दारं लावावीत तशी गप्प झाली. पुढे मोठं पत्र कमी केलं आणि एकच विचारलं: ताप चढल्यापासून पहिलं अँटिबायोटिक देईपर्यंत सहा तास का गेले? अकरा महिन्यांनी एक डॉक्टर म्हणाले, "आम्हाला उशीर झाला." तेवढ्यावर मी घरी येऊन झोपले.

सारांश नको, पूर्ण केसपेपरच्या प्रती लेखी मागा. नोंदी संगणकावर असतील तर प्रत्येक नोंद प्रत्यक्ष कधी भरली याचा माग सहसा राहतो, तोही मागा. आणि आजच तुमची आठवण वेळांसकट लिहून काढा. चष्म्यासकट. पुढे आठवणीही बदलतात.

काजवा:
चार दिवसांनी लिहितेय. औषधांचा तक्ता मिळाला. सव्वानऊला मॉर्फिन. साडेअकराला झोपेची गोळी.

दहा वाजता तर ते झोपलेच होते.

निवृत्त सिस्टर:
गोळीची ऑर्डर आधीपासून लिहिलेली असणार, ताई. म्हणजे त्यांना जागं करून दिली. तेव्हा ते नीट जागे झाले होते का, आणि गोळी कुणी दिली, हे विचारा.

काजवा:
अर्जातून बाकी सगळं खोडलं. एवढंच ठेवलंय.