आयफोन १३ मिनी आता सेकंडहँड घेतला तर चालेल का? रोज वापरणाऱ्यांनी सांगा

साइटवरची

नमस्कार. मी बाणेरला एका इमारतीच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे. दिवसभर शिडीवरून वर-खाली चालू असतं. हातात टेप, काखेत ड्रॉइंगची गुंडाळी, आणि स्लॅब भरायच्या आधी सळयांचे, त्यांभोवती बांधलेल्या रिंगांच्या अंतराचे फोटो काढून सरांना पाठवायचे. माझा हात लहान आहे. सध्याचा फोन साडेसहा इंची. गेल्या महिन्यात वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा न्यायला गेले आणि फोन निसटून थेट शटरिंगच्या फटीत. सुतारदादांनी फळी काढून दिला, पण काच गेलीच.

ओळखीतल्या एकीचा आयफोन १३ मिनी, १२८ जीबी, २२ हजारांत मिळतोय. बॅटरी हेल्थ, म्हणजे नव्याच्या तुलनेत उरलेली क्षमता, ८१ टक्के दाखवते. भाऊ म्हणतो, एवढा जुना फोन कशाला, त्याच पैशांत नवाकोरा मोठा येईल. जे रोज वापरतात त्यांनी सांगा, दिवस निघतो का आणि कुठे अडतं? जाणं-येणं स्कूटरवर, वारजे ते बाणेर.

घरोघरी_फिजिओ

वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, चालवून घे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे या भागात घरी जाऊन पेशंट बघते, दिवसाला सहा-सात घरं. हा फोन मी २०२१ च्या दिवाळीत नवा घेतला. तेव्हा ६९,९०० ला होता. एवढे पैसे मी फोनवर त्याआधी कधी घातले नव्हते. आजही तोच वापरते.

माझ्या कामात एक हात कायम पेशंटचा असतो. परवाचंच सांगते. एरंडवण्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघा बदललेल्या आजी, ऑपरेशनला सात आठवडे झालेले. वॉकर सोडून पहिल्यांदाच हॉलमध्ये चालणार होत्या. माझा डावा हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला, तो काही झालं तरी सोडायचा नाही. उजव्या हातात फोन. त्यांच्या बाजूने अर्धं पाऊल मागे चालत मला त्यांच्या पायाचा स्लो मोशन व्हिडिओ घ्यायचा होता. टाच आधी टेकते की पंजा, गुडघा पूर्ण सरळ होतो का, हे धावत्या डोळ्यांना कळत नाही. या फोनची रुंदी ६४ मिलिमीटरच्या आसपास आणि वजन १४१ ग्रॅम. चारही बोटं मागून धरून असतात आणि अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. बटण दाबलं, आठ पावलं घेतली, पुन्हा दाबून बंद. आजींच्या पट्ट्यावरची पकड एकदाही सैल झाली नाही. आधीच्या मोठ्या फोनवर हे जमायचं नाही. मुलाला किंवा सुनेला "जरा शूट करता का?" म्हणावं लागायचं, आणि ते प्रेमाने चेहराच शूट करायचे.

पण त्याच घरात पुढे काय झालं तेही ऐक. मी आजींना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फोन लांब धरला आणि म्हणाल्या, "अगं, यात मला माझा पाय सापडतच नाहीये." सव्वापाच इंचांपेक्षा थोडाच मोठा स्क्रीन, त्यात सत्तरी ओलांडलेले डोळे. शेवटी नातवाच्या टॅबवर पाठवून दाखवला. तेव्हा टाच कुठे चुकते ते त्यांनीच मला सांगितलं. तेव्हापासून ज्या घरी मोठा स्क्रीन नाही तिथे मी व्हिडिओ फक्त माझ्यासाठी घेते आणि समजवायला कागदावर पाऊल काढते. तुलाही ड्रॉइंगची पीडीएफ यावर बघायची असेल तर सतत बोटांनी मोठी-छोटी करत बसावं लागेल. तुझ्या काखेतली गुंडाळी सुटणार नाही.

आता बॅटरी. २४३८ एमएएचची आहे. आजकालच्या मोठ्या अँड्रॉइड फोनमध्ये ५००० ची असते, म्हणजे याच्या दुप्पट. यात कोणाला दोष देता येत नाही, एवढ्याशा अंगात एवढीच मावते. फोन नवा होता तेव्हा मी सकाळी आठला निघाले की रात्री घरी येईपर्यंत पंधरा-वीस टक्के उरायची. तीन वर्षांनी दुपारी चार वाजताच लाल दिसायला लागली. मला ते फार लागायचं, कारण संध्याकाळचे पेशंट फोन करून "येताय ना?" विचारतात आणि फोन बंद लागला की ती माणसं काळजीत पडतात. शेवटी गेल्या वर्षी बॅटरी बदलली. आता पुन्हा दिवस निघतो, तोही जेवणाच्या वेळी अर्धा तास लावते म्हणून. २० वॅटचा ॲडॉप्टर असेल तर अर्ध्या तासात साधारण ५० टक्के भरते. ॲडॉप्टर बॉक्समध्ये येत नाही, वेगळा घ्यावा लागतो.

केबल स्वतःची ठेव. आयफोनला टाइप-सी आलं ते २०२३ च्या आयफोन १५ पासून, या फोनला जुनीच लाइटनिंग लागते. कुणाकडेही "जरा चार्जर देता?" म्हटलं की टाइप-सी पुढे येते. तुझ्या साइटवरही तेच होणार.

स्कूटरचं विचारलंस. आपण पुण्यातल्या बायका स्कार्फ गुंडाळल्याशिवाय निघत नाही, आणि यात बोटाचा ठसा नाही, फक्त चेहरा. मास्क घालून उघडण्याची सोय मार्च २०२२ मध्ये अपडेटने आली, ती डोळ्यांभोवतीचा भाग बघते. कपाळ आणि डोळे मोकळे असले तर स्कार्फमध्येही माझा बऱ्याचदा उघडतो. गॉगल असला की उघडत नाही. मी आता सिग्नलला प्रयत्नच करत नाही. पत्ता निघण्याआधी पाठ करते आणि फोन पर्समध्ये टाकते. कुर्त्याच्या खिशात तो पूर्ण मावतो, हे मात्र बायकांच्या खिशांचा अनुभव असलेल्यालाच कळेल!

जागेचंही बघून ठेव. मेमरी कार्ड घालता येत नाही. स्लो मोशन व्हिडिओ मिनिटाला दीडशे एमबीच्या वर खातो. मी दर रविवारी पेशंटचे व्हिडिओ लॅपटॉपवर घेऊन फोनमधून काढते. लोकांच्या घरातले व्हिडिओ फोनमध्ये साठवून ठेवणं मला पटतही नाही. तुझे फोटोच असतील तर १२८ पुरतील.

तुझा भाऊ म्हणतो ते एका अर्थी बरोबर आहे, पैशांच्या हिशोबात मोठा नवा फोन जास्त देतो. पण दुसरा हात कामात अडकलेला असतो, त्याचं काय ते त्याला विचार. आयफोन १४ पासून मिनी काढलाच नाही, आणि १३ मिनीसुद्धा सप्टेंबर २०२३ नंतर कंपनीने विकायचा थांबवला. हा पूर्ण मोडला तर मी काय घेणार हे मला खरंच ठरवता येत नाही. त्याची धास्ती वाटते.

स्क्रू_ड्रायव्हर_पेठ

मी दुरुस्तीचं काम करतो. ताईंनी बॅटरीचं सांगितलं, त्यात भर घालतो. या मॉडेलची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के राहावी अशा हिशोबाने बनवलेली असते. ८१ म्हणजे बदलायलाच आली असं धरून भाव करा.

सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. आतलं काही बदललं असेल तर तिथे "पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी" दिसतं. कंपनीचा पार्ट नसेल तर "अननोन पार्ट" असं येतं. तसं काही दिसलं तर आधी विचारा, मग पैसे. *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घ्या आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर टाकून बघा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं. आणि त्या मैत्रिणीला तुमच्यासमोर तिच्या ॲपल आयडीमधून, म्हणजे फोनला जोडलेल्या खात्यातून, बाहेर पडायला सांगा. ते राहिलं तर फोन तुमच्या हातात, पण मालक तीच.

एकदा उघडलेल्या फोनच्या पाण्याच्या सीलवर विसंबू नका. पाणी-धूळ आत जात नाही असं सांगणारा आयपी६८ चा शिक्का नव्या फोनचा असतो, सील वर्षांगणिक सैल होत जातं. भिजला तर चार्जिंगला लावायचा नाही, तोंड खाली करून हळूच झटकायचा आणि हवेशीर जागी ठेवायचा. तांदळाच्या डब्यात पुरू नका. बारीक कण आत गेलेले मी चिमट्याने काढलेत.

घरोघरी_फिजिओ

दादांचं शंभर टक्के खरं. माझी पहिली बदललेली बॅटरी एका छोट्या दुकानात टाकली होती, "ओरिजिनल आहे" म्हणून. घरी येऊन बघते तर अननोन पार्ट, हेल्थचा आकडाच नाही, आणि दीड महिन्यात फोन पाठीतून फुगल्यासारखा वाटायला लागला. पुन्हा पैसे घालून अधिकृत ठिकाणी बदलली. बिलावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय निघू नकोस.

सिंहगड_रोडवरचे_काका

मी ६७ वर्षांचा. मुलाने त्याचा १३ मिनी मला दिला होता. आवाज स्वच्छ, फोन हलका, सकाळी टेकडीवर जाताना खिशात आहे हे जाणवायचंही नाही. पण अक्षरं मोठी केली की व्हॉट्सॲपचा एक निरोप आणि कीबोर्ड, एवढंच काय ते स्क्रीनवर उरायचं. मराठी टाइप करताना "क" दाबावा तर "ख" यायचा. आठ महिन्यांनी परत दिला. तुमचं वय लहान आहे, तुम्हाला चालेल. घरात कोणी वडीलधारं हा पुढे वापरणार असेल तर मात्र विचार करा.

साइटवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. मी फोन स्कूटरच्या हँडलला होल्डरमध्ये लावते, नकाशासाठी. त्याने काही होतं का? आणि एप्रिल-मेमध्ये स्लॅबवर उन्हात?

स्क्रू_ड्रायव्हर_पेठ

होतं. कॅमेऱ्यातली हादरे सावरणारी यंत्रणा सततच्या थरथरीने खराब होऊ शकते. कंपनीने स्वतःच २०२१ मध्ये तशी सूचना दिली आहे. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलला लावूच नका म्हणतात, आणि स्कूटरला लावायचाच असेल तर हादरे शोषणारा होल्डर घ्या. तुमचं काम फोटोंवर आहे, कॅमेरा धूसर झाला तर सगळंच गेलं.

ऊन: ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला तो बनवलाय. स्लॅबवर उघडा ठेवलात तर आधी स्क्रीन अंधुक होईल, मग तापल्याची सूचना देऊन थांबेल. बंद पडला म्हणून घाबरू नका, सावलीत न्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, तसलाही एक आला होता.

साइटवरची

रविवारी जाऊन बघितला. हिस्टरीची ओळच नाही, म्हणजे आतलं काही बदललेलं नाही. आयएमईआय पोर्टलवर स्वच्छ निघाला. मैत्रीण समोर बसून आयडीमधून बाहेर पडली. बॅटरीचे पैसे वजा करून १८ हजारांत दिला तिने. बॅटरी अधिकृत ठिकाणीच बदलायला टाकते, बुधवारी मिळेल म्हणालेत.

आज जुनीच बॅटरी असताना साइटवर नेला. चौथ्या मजल्याच्या बीमवर डाव्या हाताने टेप सळईला लावून धरला, उजव्या हाताने फोटो. टेपवरचे १५० चे आकडे आणि दोन्ही रिंगा एकाच फोटोत आल्या. आत्तापर्यंत टेप धरायला कुणाला तरी हाक मारावी लागायची. दुपारी तीनला १९ टक्के उरली होती. केबल घेतली आहे, ताई.

घरोघरी_फिजिओ

दोन घे. एक साइटच्या ऑफिसात ठेव, नाव घालून.